झुल्यावरचा कामगार

मी सर्कशीत होतो असं सांगितलं की लोक आधी वाघाचं विचारतात. मग हत्तीचं. मग ‘आता काय ती पूर्वीची सर्कस राहिली नाही’ म्हणतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू ती मीच बुडवली. पगार किती होता, हातात कधी पडायचा, खांदा निखळला तर औषधपाणी कोण करायचं, फंड कापायचे का, यातलं एकही आजवर मला कुणी विचारलेलं नाही. साखर कारखान्यात होतो म्हटलं असतं तर पहिला प्रश्न फंडाचाच आला असता.

तेव्हा न विचारताच सांगतो. मिरज तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून शाळा सोडून मी कंपनीत गेलो. सर्कशीला आम्ही कंपनीच म्हणतो. पोरगा होतो तोवर कोलांट्या मारणाऱ्यांच्या घोळक्यात होतो, अंगाने भरलो तसा झुल्यावर गेलो आणि कॅचर झालो. चाळिशी उलटल्यावर खांदा ऐकेना, तेव्हा पोल आणि दोरखंडांचं काम घेतलं. ते 2020 च्या मार्चपर्यंत केलं. आता मिरजेत एका मंडपवाल्याकडे लोखंडी ट्रस उभे करायला जातो. लग्नसराईत आणि गणपतीत काम असतं, पावसाळ्यात नसतं. सर्कशीचंही वेळापत्रक असंच होतं, त्यामुळे घरी वेगळं काही समजवावं लागलं नाही.

कॅचर म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल, कारण लोकांच्या लक्षात उडणारेच राहतात. तंबूच्या एका टोकाला उंच फळीवर फ्लायर उभे असतात. दुसऱ्या टोकाच्या झुल्यात पाय अडकवून एक माणूस डोकं खाली करून झोके घेत असतो, तो मी. माझा झोका बरोबर आला की मी ‘हप्’ म्हणणार, त्यावर फ्लायरने फळी सोडायची. त्याचा झुला आणि माझा झुला आपापल्या टोकाला पोचून क्षणभर थबकतात, त्या थबकण्यातच पकड व्हायला हवी. तिथे माणसाला वजनच नसतं. जरा उशीर झाला की तोच पोरगा खाली यायला लागलेला असतो आणि त्याचं सगळं वजन झटक्यासकट आपल्या खांद्यात उतरतं. पकडताना पंजात पंजा घालायचा नाही, मनगटाने मनगट धरायचं. घामाने पंजा सरळ सुटतो. मनगट निसटू लागलं तरी पंजापर्यंत घसरायला चार बोटं जागा असते आणि तेवढ्यात सावरता येतं. त्यासाठी दोघांनी मनगटाला पट्ट्या गुंडाळायच्या, हाताला मॅग्नेशियमची पांढरी पावडर चोळायची. पूर्वी उस्ताद आम्हाला उडायला शिकवायच्या आधी जाळीत पडायला शिकवायचे. पाठीवर पडायचं. पायावर पडलं की घोटा जातो, हातावर पडलं की मनगट जातं. आणि जाळी माणसाला परत वर फेकते, ती कुठे फेकेल हे पडण्याच्या ढबीवर ठरतं.

1982 साली अमेरिकेतल्या टक्सन गावी मिग्युएल वाझ्केझने झुला सोडून हवेत चार कोलांट्या घेतल्या आणि तो पकडला गेला. सर्कशीच्या खेळात तोवर कुणाला न जमलेली गोष्ट. जगभरच्या तंबूंत त्याचं नाव झालं. त्याला पकडणारा त्याचा भाऊ हुआन होता. त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसणार, पण कॅचर लोकांना ते पाठ असतं.

रोज तीन खेळ: एक वाजता, चारला, सातला. सकाळी सराव. रविवारी आणि सणाच्या दिवशी तर गर्दी असते, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम जास्त. आणि खेळ म्हणजे सगळं काम नव्हे. माझा झुला मीच बांधायचो, दुसऱ्याने बांधलेल्यावर मी चढत नसे. खलाशी तंबू उभा करायचे, पण झुल्याचे तारा-दोर आणि जाळीचे ताण आम्हीच बघायचो. सुती दोर पावसात भिजला की आखडतो. बाहेरच्या माणसाला वाटतं पाऊस आला की दोर घट्ट करावेत. उलट असतं. रात्री पहिला थेंब पडला की उठून सगळे दोर ढिले करत फिरायचं, नाहीतर आखडलेला दोर खुंटा उपटतो आणि पोल आडवा. उन्हं आली की परत ताण द्यायचा. मार्च-एप्रिलातल्या वळवाच्या रात्री मी किती वेळा विजेच्या उजेडात खुंट्याखुंट्यावर वाकून काढल्या असतील! त्या रात्रींचा पगार वेगळा नसतो. दुसऱ्या दिवशी एकचा खेळ वेळेवर सुरू होतो, तिकिटावर लिहिलेलं असतं ना.

पगार महिन्याचा, जेवण कंपनीच्या मेसमध्ये, राहायला कापडी तंबू. बरेचजण हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतात. ऊसतोडीच्या उचलीसारखीच ती असते: घेतलेली फिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही आणि फिटली की नेमकी पुढच्या उचलीची गरज पडते. हजेरीचं पुस्तक मॅनेजरजवळ. आम्ही सही करायचो. सहीखाली काय लिहिलंय ते मराठीत नसायचं, मल्याळमात नसायचं, नेपाळीतही नसायचं. कंपनीत बोली मात्र यातली सगळी.

मराठी माणसाला सर्कशीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. अंकलखोप आमच्याकडून लांब नाही. तिथले विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे शिक्षक होते. 1879 मध्ये किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली, तिच्यातले घोड्यांचे खेळ पाहून छत्र्यांनी पुढच्याच वर्षी, 20 मार्च 1880 ला, स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. हिंदुस्थानातली ती पहिली देशी सर्कस. गाण्यातले लोक छत्र्यांना वेगळ्या कारणाने मानतात, त्यांनी रहिमतखाँसारख्या मनस्वी गवयाला सांभाळलं. सर्कसवाला आणि गवई एकाच कनातीखाली, हे मला फार आवडतं. पुढे म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर असे कितीतरी तंबू आमच्या भागातून निघाले. छत्र्यांची सर्कस फिरत फिरत मलबारात थलश्शेरीला गेली, तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे कसरतीचे मास्तर भेटले आणि त्या मास्तरांनी 1901 मध्ये सर्कशीसाठी मुलं तयार करणारी शाळाच काढली. पुढची कित्येक दशकं देशातल्या निम्म्या सर्कशींतले कलाकार आणि मालक थलश्शेरीच्या आसपासचे असायचे. माझी बायको तिकडचीच. सायकलच्या आयटममध्ये होती. तेव्हा अंकलखोप आणि थलश्शेरी यांचं नातं आमच्या घरात रोज चुलीवर शिजतं, कधी भाकरी, कधी पुट्टू.

पण अभिमानाचं पुढे काय करायचं हे केरळला जास्त कळलं, असं मला आता वाटतं. तिथलं सरकार म्हाताऱ्या सर्कस कलाकारांना सर्कस कलाकार म्हणून पेन्शन देतं. रक्कम मोठी नाही. पण बायकोच्या नात्यातली एक बाई, जी तारेवर चालायची, तिला ती मिळते आणि तिच्या हातात सरकारने मान्य केलेला धंदा आहे. आपल्याकडे वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना जुनी आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि महिना 5000 रुपये मिळतात. पन्नाशी ओलांडलेल्यांना अर्ज करता येतो म्हणून मीही चौकशीला गेलो. खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, पुरावे आणा: कात्रणं, प्रमाणपत्रं, नाव छापलेली हँडबिलं. हँडबिलं घरात ढीगभर आहेत. एकावरही माझं नाव नाही. ‘काळजाचा ठोका चुकवणारे झुल्यांचे खेळ’ एवढंच. वाघांच्या शिक्षकाचं नाव असे, जोकरचं टोपणनाव असे, मालकाचा फोटो असे. तमासगिराकडे निदान फडाच्या मालकिणीचं पत्र तरी असतं, भजनी मंडळाला सरपंचाचा दाखला मिळतो. माझ्या गावच्या सरपंचाने मला झुल्यावर कधी पाहिलेलंच नाही, तो दाखला कसला देणार?

‘सर्कस प्राण्यांवरच्या बंदीमुळे मेली’ असं मालक मंडळी सांगतात आणि वर्तमानपत्रं छापतात. मला हे पटत नाही. 1998 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद केले, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. आम्ही पिंजऱ्यांच्या शेजारी झोपायचो. उन्हाळ्यात दुपारी त्या पिंजऱ्यात काय वास येतो आणि सिंह एकाच जागी डोकं हलवत कसा उभा राहतो हे ज्याने पाहिलंय, तो बंदीविरुद्ध बोलणार नाही. पुण्याच्या दामू धोत्र्यांसारखा माणूस, ज्याने अमेरिकेत रिंगलिंगच्या तंबूत वाघ-बिबट्यांची रिंग गाजवली, त्याची कला खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्या काळात आम्ही झुलेवाले, तारवाले, सायकलवाले कोण होतो माहीत आहे? खाली रिंगभोवती लोखंडी जाळ्यांचा पिंजरा जोडायला किंवा उचलायला वेळ लागायचा, तेवढा वेळ लोकांनी वर बघावं म्हणून आम्ही. सिंह गेल्यावर खेळाचा सगळा भार माणसांवर आला. आयटम वाढले, खेळ तेवढेच राहिले, खांदे तेवढेच. सिंहाच्या मटणाचा खर्च वाचला तो कुठे गेला याचा हिशेब आम्हाला कधी कुणी दाखवला नाही.

2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत मुलं ठेवायला बंदी केली. 2016 च्या बालमजुरीच्या कायद्यातही कलाकार मुलांना जी सूट आहे तिच्यातून सर्कस मुद्दाम वगळलेली आहे. हेही बरोबरच झालं. मी स्वतः पोरवयात गेलो म्हणून सांगतो: उस्तादाच्या छडीने पाय सरळ होतात, पण रात्री आई आठवते तेव्हा तिथे कुणी नसतं. नेपाळातून आणलेल्या मुलींचं तर विचारूच नका, त्यांना आपण कुठल्या राज्यात आहोत हेही ठाऊक नसायचं. बंदी हवीच होती. मात्र बंदीनंतर शिकायचं कुठे, याची सोय कुणी केली नाही. अठराव्या वर्षी पहिल्यांदा झुल्याला हात लावणारा पोरगा शिकतो, पण त्याला शरीर आधीच घडलेलं लागतं. रशियात 1927 पासून सरकारी सर्कस शाळा आहे, फ्रान्सने 1985 मध्ये शालोंला राष्ट्रीय केंद्र काढलं. आमच्या कंपनीत काही हंगाम एक रशियन जोडपं होतं, त्यांच्या ट्रंकेत डिप्लोमा होता, फ्रेम केलेला. आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. केरळ सरकारनेही 2010 मध्ये थलश्शेरीला सर्कस अकादमी सुरू केली. काही वर्षांतच ती बंद पडली.

आपल्याकडे तर अकादमी बांधायचीही गरज नाही, मल्लखांब आहे. रोपमल्लखांबावर वर टोकाला जाऊन पाय अडकवून हात सोडणारी दहा वर्षांची पोरगी संध्याकाळी घरी जाऊन आमटी-भात खाते, सकाळी शाळेत जाते. उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली ती मल्लखांब शिकवण्याच्या कामासाठी, आणि तो खेळ आता ‘खेलो इंडिया’तही आहे. त्या मुलांतली काही मोठी झाल्यावर झुल्यावर यायला तयार होतील? आजच्या घडीला मी त्यांच्या आईबापांना तोंड वर करून ‘पाठवा’ म्हणू शकत नाही. पोरगी पदकं घेऊन येते, तिला कुठली तरी नोकरी लागेल अशी आशा असते. आणि मी त्यांना काय सांगू? की पाठवा, पंधरा-वीस वर्षं शरीर चालेल, त्यानंतर मिरजेत ट्रस बांधायला जागा आहे?

एका अपघाताचं सांगतो. आमचा एक फ्लायर होता, नेपाळी, माझ्याहून बराच लहान. दुहेरी कोलांटी घेऊन माझ्याकडे यायचा. एका सातच्या खेळात तो उशिरा सुटला, माझ्या बोटांना त्याची बोटं लागली आणि गेला. जाळीच्या मधोमध पडला असता तर काहीच झालं नसतं. तो कडेच्या पट्टीवर आपटला, उडाला आणि जाळीबाहेर गॅलरीच्या फळ्यांत गेला. बँड वाजतच होता. जोकर धावत आत आले आणि लोकांना हसवायला लागले, ही रीतच आहे. लोकांनी तो आयटमचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. मनगट आणि कोपर दोन्ही मोडलं होतं. हॉस्पिटलचं बिल कंपनीने भरलं, ते मी नाकारणार नाही. पुढे दोन महिने अर्धा पगार आला, मग मेसचं जेवण, मग एका संध्याकाळी त्याला तिकीट काढून गोरखपूरच्या गाडीत बसवलं. रात्रीच्या खेळाला फळीवर दुसरा पोरगा उभा होता. कोण चुकला याची चौकशी झाली नाही, कुणाला कसले पैसे द्यायचे याचा कागद नव्हता आणि ज्याच्याकडे तक्रार करावी असं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. त्या गावात आमचा मुक्काम तीन आठवड्यांचा होता, पुढचा मुक्काम दुसऱ्या राज्यात.

हीच सगळ्यात मोठी गोम आहे. सर्कशीतला माणूस सतत दुसऱ्याच्या हद्दीत असतो. कामगार अधिकारी आला तरी तो त्या जिल्ह्याचा, आणि महिन्याभरात कंपनी जिल्ह्याबाहेर. मतदानाच्या दिवशी आपण दोनशे कोसांवर. मुलांच्या शाळेसाठी त्यांना कुणा नातेवाइकाकडे ठेवावं लागतं. आमची दोन्ही थलश्शेरीला आजीकडे वाढली आणि सुट्टीत मुक्कामावर यायची तेव्हा माझ्याशी पाहुण्यासारखं बोलायची. लॉकडाऊन लागला तेव्हा ‘रॅम्बो सर्कस’ ऐरोलीत अडकून पडली होती, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्यांनी पुढे सप्टेंबरात ऑनलाइन खेळ करून दाखवला, ते धाडसाचंच होतं. आमची कंपनी तेवढी नावाजलेली नव्हती. मालकाने काही दिवस शिधा दिला, मग हात वर केले. आजूबाजूच्या लोकांनी तांदूळ, डाळ, तेल आणून दिलं, कारण आमची शिधापत्रिका दुसऱ्याच गावची. तंबूच्या मधोमध दोरीवर कपडे वाळत घातलेले असायचे आणि त्याखाली आम्ही स्वयंपाक करायचो. ज्यांना घर होतं ते घरी गेले. जे कंपनीतच जन्मले होते ते कुठे जाणार?

ई-श्रमचं कार्ड मी काढलंय. 20 रुपयांत वर्षभराचा अपघात विमा मिळतो तोही काढलाय, 2 लाखांचा. चांगली गोष्ट आहे. पण तो विमा मेल्यावर किंवा कायमचं अपंगत्व आल्यावर. झुल्यावरचा माणूस मरतो फार क्वचित. त्याचा खांदा निखळतो, बोट मोडतं, गुडघ्यात पाणी होतं. तीन महिने वर चढता येत नाही आणि त्या तीन महिन्यांसाठी कुणीच काही देत नाही. म्हणून तो दुखऱ्या खांद्याला पट्टी बांधून तिसऱ्या आठवड्यातच चढतो. पुढचा अपघात तिथे होतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की सर्कस कलाकाराला कामगार म्हणून नोंदवा आणि त्याच्या मागे एक मंडळ उभं करा. हे काही मी हवेतून काढलेलं नाही. आपल्या महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी तो लढून मिळवला. माथाडीचा मालक एक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत. म्हणून नोंदणी मंडळाकडे ठेवली, मालकाने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघायचं. माणूस कुठल्याही गाळ्यावर गेला तरी त्याचं पुस्तक एकच. हातगाडी ओढणाऱ्यासाठी जे जमलं ते झुल्यावरच्यासाठी का जमू नये? सिनेमाच्या कामगारांसाठी तर केंद्रानेच 1981 मध्ये कल्याण निधीचा कायदा केला होता, प्रत्येक चित्रपटामागे उपकर घेऊन. तो उपकर पुढे बंद झाला, पण स्पॉटबॉयसाठी देश एवढा विचार करू शकतो हे तर दिसलं. राज कपूरच्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये जेमिनी सर्कशीची माणसं होती. कॅमेऱ्यामागची माणसं त्या कायद्यात आली, आणि तंबूतली नाहीत. हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

सर्कशी उरल्यात किती, असं विचारणारे असतात. मोजक्याच उरल्यात, मान्य आहे. पण फक्त मोठ्या तंबूंचा हिशेब धरू नका. जत्रेतल्या मौत का कुवाँमध्ये भिंतीवर मोटरसायकल चालवणारे, लग्नाच्या हॉलमध्ये छतापासून रेशमी कापडाला लोंबकळत कसरत करणाऱ्या मुली, मॉलच्या चौकात तारेवर चालणारे, रिअॅलिटी शोमध्ये येऊन जाणारे, डोंबारी, सगळे एकाच धंद्यातले आहेत. हल्ली लग्नात नवरीला वरून खाली उतरवायची टूम निघाली आहे, तिचा दोर कोण बांधतो हे बघायला मी मुद्दाम जातो. दोन वेळा मी गाठ सोडून परत बांधायला लावली. मंडपवाल्याला ते आवडलं नाही. नवरीच्या बापाला कळलंच नाही. या सगळ्यांना मिळून मोजलं तर आकडा मंडळ चालवण्याइतका नक्की भरेल.

पैसा कुठून आणायचा, यावर मालक डोळे वटारतील. सरकार सर्कशीला आधीच सवलत देतं: 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. सर्कस गरीब आहे, तिला जगू द्यावं, म्हणूनच ना? मग त्या सवलतीतले तिकिटामागे दोन रुपये कलाकारांच्या खात्यात जाऊ देत. कंपनीतला खलाशीसुद्धा चहावाल्याला त्याहून जास्त देतो. मालक आणखी एक रडगाणं गातात, ते मात्र खरं आहे: मैदानं मिळत नाहीत. पूर्वी एस. टी. स्टँडवरून तंबूचा शेंडा दिसायचा. आता शहरातल्या मैदानावर शॉपिंगचं संकुल, पार्किंग नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा महोत्सव, आणि सर्कस बायपासपलीकडे चिखलात. तिथवर रिक्षा करून कोण येणार, चार जणांचं कुटुंब तिकिटापेक्षा रिक्षेला जास्त मोजतं. महापालिकांनी वर्षातले दोन महिने एखादं मधलं मैदान सर्कशीसाठी कमी भाड्याने राखून ठेवावं, ही मालकांची मागणी माझीही आहे. फक्त फुकटात नको. मैदान हवं तर हजेरीपुस्तक दाखवा.

कंपनीत शेवटची काही वर्षं मी परवानगीच्या फायलींसाठी मॅनेजरबरोबर फिरायचो, कारण पोलचं आणि दोरांचं विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी लागायचं. त्या फायलीत अग्निशमनचा दाखला असायचा, पोलिसांचा, विजेचा, तंबू पक्का असल्याचा, आरोग्य खात्याचा. प्रेक्षकाच्या डोक्यावर काही पडू नये याची काळजी सगळ्यांनी घेतलेली असायची. वरून खाली पडणाऱ्याचा एकही कागद मी त्यात कधी पाहिला नाही. तो एक कागद वाढवायचा आहे: या कंपनीत एवढे कलाकार, ही त्यांची नावं, हा त्यांचा विमा, या तारखेपर्यंतचा पगार दिलेला. त्याशिवाय मैदानाची पावती फाडू नये. येता हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. एखाद्या महापालिकेच्या आयुक्तांनी मनावर घेतलं तर विधानसभेची वाट बघायची गरज नाही, परिपत्रकानेही भागेल. आणि हँडबिलावर कॅचरचं नाव छापा, त्याला तर परिपत्रकही लागत नाही.